सुभेदारांची पेटी: एका पदक-संचाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माळ्यावरची काळी पत्र्याची पेटी बऱ्याच वर्षांनी खाली उतरवण्यात आली, ती आतल्या पदकांना गिऱ्हाईक आले होते म्हणून. पेटी ज्यांची होती ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले होते. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी आणि नातवंडे असा परिवार आहे. गिऱ्हाईकाने पदकांची पट्टी पाहिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, पदकांच्या कडांवर कोरलेले जवानाचे क्रमांक एकमेकांशी जुळत नसल्यामुळे हा संच 'जमवलेला', म्हणजे वेगवेगळ्या माणसांची पदके एकत्र केलेला आहे आणि त्याला फारशी किंमत येणार नाही. दुसरी, पेटीतले कपडे आणि कागद त्याला नको होते, ते कुटुंबाने ठेवावेत किंवा टाकावेत. थोरल्या मुलाने होकार जवळपास दिलाच होता. नातीला मात्र क्रमांकांची गोष्ट खटकली आणि तिने मला बोलावले. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे, गाव आणि क्रमांक येथे दिलेले नाहीत. बाकी सर्व जसे आढळले तसे लिहिले आहे.

पेटीत तीन प्रकारच्या वस्तू होत्या. नवीन फितींसह एका पट्टीवर बसवलेली नऊ पदके होती. गडद हिरव्या गरम कापडाचा कोट, बाटलीहिरवी बेरे टोपी, तिचा लाल-हिरवा तुरा आणि पितळी बटणांची पुरचुंडी असा गणवेश होता. आणि एका पिशवीत कागद होते: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, महायुद्धातले पेबुक (पगाराची वही), रोमन उर्दूच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, '५६ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता असलेली पाच-सहा पत्रे आणि घडी घातलेला एक जाड इंग्रजी कागद, ज्याकडे घरात कोणी कधी नीट पाहिलेले नव्हते.

मी पदकांना हात न लावता आधी कागद वाचायला घेतले. पदक हे एका वाक्याचे शेवटचे चिन्ह असते आणि वाक्य कागदात लिहिलेले असते, असा माझा अनुभव आहे. डिस्चार्ज बुकानुसार ते नोव्हेंबर १९३९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शिपाई म्हणून भरती झाले आणि बेळगावच्या सेंटरमध्ये तयार झाले. १९४२ च्या फेब्रुवारीत भरपाईच्या तुकडीतून बसऱ्याला गेले आणि पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, दाखल झाले. ही पलटण ८ व्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरावर उतरली होती, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमचे शिपाई तेव्हा नाईक झालेले होते. जुलै १९४५ मध्ये ते मायदेशी परतले. १९४८ मध्ये हवालदार म्हणून काश्मीर, पुढे जमादार, मग सुभेदार आणि १९६७ मध्ये पेन्शन. एवढे हातात आल्यावरच पट्टी टेबलावर ठेवली.

पट्टीवर डावीकडून उजवीकडे महायुद्धाचे दोन तारे (ताऱ्याच्या आकाराची पदके), मग डिफेन्स मेडल, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल आणि त्यानंतर स्वतंत्र भारताची पदके असा क्रम होता. वरवर हा काळाचा सरळ क्रम दिसतो आणि संग्राहकांना तो आवडतोही, पण कोणत्याही भारतीय सुभेदाराने १९५० नंतर पदके अशी लावली नसती. स्वतंत्र भारताची पदके आधी आणि ब्रिटिश काळातली नंतर, असा लावण्याचा क्रम आहे. म्हणजे पट्टी त्यांच्या हातची नव्हती. थोरल्या मुलाने सांगितले की, वडील गेल्यावर फिती विरल्या होत्या म्हणून त्यांनीच शहरातल्या एका दुकानात पट्टी नव्याने करून घेतली आणि घरात जेवढी मेडलं सापडली तेवढी सगळी दिली. हे 'जेवढी सापडली तेवढी सगळी' वाक्य मी वहीत लिहून ठेवले.

क्रमांकांचा घोळ

गिऱ्हाईकाचा आक्षेप खोटा नव्हता. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ च्या कडेवर पाच आकडी क्रमांक, 'हवालदार' हा हुद्दा आणि नाव होते. सैन्य सेवा मेडलच्या कडेवर मात्र 'जेसी' अक्षरांनी सुरू होणारा वेगळाच क्रमांक आणि 'जमादार' असा हुद्दा होता. रक्षा मेडलवर तोच जेसी क्रमांक, पण हुद्दा 'सुभेदार'. पाहणाऱ्याला ही दोन माणसे वाटावीत यात नवल नाही.

खुलासा डिस्चार्ज बुकाच्या पहिल्याच पानावर होता. तेथे जुना क्रमांक आणि खाली जेसी क्रमांक दोन्ही नोंदलेले होते. हवालदारापर्यंतचा जवान रेजिमेंटने दिलेला क्रमांक वापरतो. तो जमादार झाला, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाला, की त्याला जेसीओंच्या मालिकेतला नवा क्रमांक मिळतो आणि त्यानंतरच्या पदकांवर तोच कोरला जातो. हुद्द्याच्या नावातही काळ दिसतो, कारण 'जमादार' हा हुद्दा १९६५ मध्ये 'नायब सुभेदार' झाला. सैन्य सेवा मेडल १९६० मध्ये सुरू झालेले आहे. त्यामुळे या पदकावर 'जमादार' कोरलेले असणे म्हणजे ते १९६० नंतर आणि हुद्द्याचे नाव बदलण्यापूर्वी मिळवलेले असणे, आणि डिस्चार्ज बुकातल्या बढतीच्या तारखा याच्याशी बरोबर जुळतात. ज्या विसंगतीमुळे संच 'जमवलेला' ठरत होता, तीच तो एकाच माणसाचा असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा निघाली. दोन कडांमधले हे अंतर कागदाशिवाय भरून निघाले नसते, हे मी थोरल्यांना पान उघडून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

महायुद्धातल्या पदकांचे वाचन कठीण होते. ब्रिटिश जवानांना ही पदके नाव न घालता दिली गेली. भारतीय जवानांच्या पदकांवर मात्र क्रमांक आणि नाव पुष्कळदा आढळते, ताऱ्यांवर पाठीमागे आणि गोल पदकांवर कडेला. येथे ताऱ्यांच्या पाठी स्वच्छ वाचता आल्या. वॉर मेडलची कड जवळजवळ गुळगुळीत होती. आत्यांनी, म्हणजे सुभेदारांच्या मुलीने, कारण सांगितले: दरवर्षी खंडेनवमीला वडिलांची मेडलं पूजेला मांडत आणि आदल्या रात्री चिंच आणि राखेने घासत. चाळीस-पन्नास वर्षांच्या श्रद्धेने अक्षरे झिजली होती. यात दोष द्यावा असे कोणी नाही, पण ही सवय आता थांबली पाहिजे. तारे तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत आणि वॉर मेडल तांबे-निकेलचे आहे. या धातूंवर काळाने येणारी काळसर झाक हे त्यांचे संरक्षण असते, मळ नव्हे. खोली अंधारी करून कडेवर अगदी तिरपा उजेड टाकला तेव्हा क्रमांकातले शेवटचे तीन आकडे आणि आडनावाची दोन अक्षरे सावलीने उठून आली. पेन्सिल फिरवून ठसा घेण्याचा सल्ला काही जण देतात. अशा झिजलेल्या कडेवर तो मी कधीच घेत नाही.

जनरल सर्व्हिस मेडलवर मराठी वाचकाने थोडे थांबावे. या पदकाच्या दर्शनी बाजूला तेजोवलयात टोक वर केलेली तलवार आहे, आणि सरकारी वर्णनात तिला 'भवानी' म्हटलेले आहे. मागे कमळ आहे. फितीवर 'जम्मू आणि काश्मीर' अशी आडवी पट्टी आहे. पट्टीच्या बाजूचे खिळे जुने आणि काळवंडलेले होते, म्हणजे ती मागाहून चढवलेली नाही. आणखी एक पदक मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे, ते म्हणजे भारतीय स्वातंत्र्य पदक. त्यावर अशोकचक्राच्या डोक्यावर ब्रिटिश मुकुट आहे आणि भोवती सहाव्या जॉर्जचे नाव, तर मागे सारनाथचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत जाणाऱ्या सैन्याचा तो मोजका काळ इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या नाण्यात वा मुद्रेत मी पाहिलेला नाही.

नववे पदक

आठ पदकांचा हिशेब लागला, नवव्याचा लागेना. इंडिया सर्व्हिस मेडल हे ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात भारतात तीन वर्षे बिगरमोहिमी सेवा केलेल्यांना मिळाले. आमचे सुभेदार नोव्हेंबर १९३९ मध्ये भरती झाले, फेब्रुवारी १९४२ मध्ये जहाजावर चढले आणि जुलै १९४५ मध्ये परतले. भारतातली त्यांची सेवा कशीही मोजली तरी अडीच वर्षांच्या आतच येते. म्हणजे ते या पदकाला पात्रच नव्हते.

मग कोट काढला. कोटाच्या डाव्या खिशावर रिबनची पट्टी अजून शिवलेली होती, आणि ही पट्टी त्यांनी स्वतः वापरलेली होती. तिच्यावर आठ फिती होत्या. क्रम बरोबर होता, स्वतंत्र भारताच्या फिती आधी, महायुद्धाच्या फिती नंतर. इंडिया सर्व्हिस मेडलची निळी फीत तीत नव्हती. गिऱ्हाईकाने जो कोट टाकून द्यायला सांगितला होता, त्याने एका मिनिटात सांगितले की त्या माणसाने छातीवर काय लावले आणि काय लावले नाही.

नवव्या पदकाच्या कडेवरचे नाव वाचले तेव्हा आडनाव तेच निघाले, पण पहिले नाव आणि क्रमांक दुसरा, हुद्दा शिपाई. आत्यांना चटकन आठवले: वडिलांचे धाकटे भाऊ, ज्यांना घरात सगळे 'बापू' म्हणत, तेही पलटणीत होते, पण बेळगावच्या सेंटरमध्येच राहिले आणि युद्ध संपल्यावर नाव कापून आले. त्यांचा वंश शेजारच्या तालुक्यात आहे. या गोष्टीने सर्व काही जुळते असे वाटते, पण जुळल्यासारखे वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. त्या भागात हे आडनाव घरोघरी आहे आणि जुने क्रमांक रेजिमेंटनिहाय दिले जात असल्याने नुसत्या क्रमांकावरही भागत नाही. क्रमांक, रेजिमेंट आणि नाव तिन्ही द्यावी लागतात. आम्ही बापूंच्या नातवाकरवी रेकॉर्ड ऑफिसकडे शीट रोलमधील (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रातील) तपशिलासाठी अर्ज केला आहे. अर्ज वारसाने केला तर बरे, म्हणून तो त्यांच्याच सहीने गेला. उत्तर येईपर्यंत नववे पदक पट्टीवरून उतरवून वेगळ्या कागदी पाकिटात, ते कोठे आणि कोणत्या पदकांबरोबर सापडले हे लिहून ठेवलेले आहे.

ओकचे पान

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी हाती लागली. कोटावरच्या रिबनपट्टीतली शेवटची फीत वॉर मेडलची होती. तिच्या मधोमध दोन बारीक भोके होती आणि भोकांच्या भोवती, नखाएवढ्या जागेत, रंग बाकीच्या फितीपेक्षा गडद राहिलेला होता. भिंगाखाली त्या गडद जागेचा आकार आडव्या पानासारखा दिसला. ऊन आणि धूळ लागून फितीचा रंग उडत गेला, पण एका जागी काहीतरी बसवलेले होते, त्याच्याखालचा रंग तसाच राहिला.

मग तो जाड इंग्रजी कागद उघडला. तो डिस्पॅचमध्ये, म्हणजे सेनापतीने वर पाठवलेल्या युद्धाच्या अहवालात, कामगिरीबद्दल नामोल्लेख झाल्याचा दाखला होता. राजाच्या आज्ञेने अमुक तारखेच्या लंडन गॅझेटमध्ये (ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात) नाव प्रसिद्ध झाल्याचे त्यावर छापलेले होते आणि नाव, क्रमांक, रेजिमेंट टंकलिखित होती. रेजिमेंटचे नाव जुन्या इंग्रजी लेखनात, 'मराठा'मध्ये 'आर'च्या आधी 'एच' घालून (Mahratta) लिहिलेले होते, तसेच ताऱ्यांच्या पाठीवरही. स्वातंत्र्योत्तर पदकांवर 'आर'च्या आधीचा तो 'एच' नाही. अशा नामोल्लेखाचे वेगळे पदक मिळत नाही. कांस्याचे लहानसे ओकचे पान मिळते आणि ते वॉर मेडलच्या फितीवर लावायचे असते. ते पान गळून पडले, नव्या फितीवर कोणी लावले नाही, आणि इंग्रजी न येणाऱ्या घरात कागद घडीतच राहिला. स्वतः सुभेदारांनीही मुलांना कधी सांगितले नव्हते. गॅझेटचे जुने अंक शोधता येतात. दाखल्यावरच्या तारखेचा अंक काढून पाहिला, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावांमध्ये त्यांचे नाव आणि तोच पाच आकडी क्रमांक छापलेला होता.

कागद, कोटावरची फीत आणि गॅझेट ही तीन साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि तिन्ही एकच सांगतात. पदक एकट्याने यांतले काहीही सांगत नव्हते. पदके विकली गेली असती आणि पिशवी चुलीत गेली असती, तर इटलीतल्या त्या नाईकाने जे केले त्याची घरात उरलेली शेवटची खूण गेली असती. संग्राहक मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे की, सुटी पदके घेताना 'कागद नकोत' असे कधी म्हणू नये. तुम्ही नको म्हटलेला कागद कुटुंब जपत नाही, ते त्याला निरुपयोगी समजू लागते.

दाखल्याची बातमी गिऱ्हाईकापर्यंत गेली आणि त्याचा सूर बदलला. आता त्याला सर्व काही हवे होते, आणि बोलण्यातून कळले की माल परदेशातल्या लिलावात जाणार होता. येथे कायदा आडवा येतो आणि तो बहुतेक घरांना माहीत नसतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार साधारणपणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते, पण ऐतिहासिक मूल्य असलेल्या हस्तलिखित वा दस्तऐवजासाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षांचीच आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे या पेटीतली पदके अजून त्या व्याख्येत येत नसली, तरी १९४० च्या दशकातले कागद येऊ शकतात. मी हे लेखी कळवले. त्यानंतर त्या बाजूने विचारणा झाली नाही.

जपणूक आणि वाटणी

कागदांपैकी डिस्चार्ज बुकाची दोन पाने काही वर्षांपूर्वी जपून राहावीत म्हणून लॅमिनेट करून आणली होती. हे नुकसान भरून येण्यासारखे नाही. गरम प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या तंतूंत उतरतो आणि तो काढणे प्रशिक्षित संवर्धकाचेच काम आहे, तेही यशाच्या खात्रीशिवाय. ती पाने आम्ही तशीच ठेवली. उरलेल्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढल्या, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले आणि पाने आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवली. पदके ज्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होती ते पीव्हीसीचे होते. पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडते, आणि इटली स्टारच्या एका टोकावर हिरवा डाग धरू लागला होता तो त्याचाच. पाकीट फेकले, डागाला हात लावला नाही.

कोटाला कसर लागली होती, पण बाहीपुरतीच. डांबरगोळ्या थेट कापडावर टाकलेल्या होत्या, त्या काढल्या. कोट उन्हात न टाकता सावलीत हवेवर ठेवला, आणि घड्या पडतात तेथे धुतलेल्या मांजरपाटाच्या गुंडाळ्या घातल्या. रिबनपट्टी कोटावरून काढावी, निराळी फ्रेम करावी, असे धाकट्या मुलाचे म्हणणे होते. मी आग्रहाने नको म्हटले. ती शिवण सुभेदारांची किंवा त्यांच्या पलटणीच्या शिंप्याची आहे, आणि पानाची ती सावली तिच्या जागेवर असेपर्यंतच पुरावा आहे. ओकचे नवे पान मिळू शकते, पण ते या फितीवर लावायचे नाही असे ठरले. हवे तर दुकानात झालेल्या पट्टीवर लावावे आणि ते नवे असल्याची नोंद ठेवावी.

वाटणीचा प्रश्न राहिला. तिन्ही भावंडांना वडिलांचे काहीतरी हवे होते आणि ते रास्त आहे. पूर्वीचा बेत तीन-तीन पदके वाटून घेण्याचा होता. त्याऐवजी मी दोन पर्याय मांडले: संपूर्ण संच बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयाला द्यावा, किंवा एकाच घरी ठेवून त्याची यादी, छायाचित्रे आणि कोणाच्या ताब्यात आहे याचा करार तिघांच्या सहीने करावा. संग्रहालयात सांभाळ चांगला होतो, पण प्रत्येक दिलेली वस्तू मांडली जाईलच असे नाही, हेही सांगितले. भावंडांनी तूर्त दुसरा पर्याय निवडला. पेटी आत्यांच्या घरी गेली, कारण त्यांच्या घराला ओल नाही आणि खंडेनवमीची घासाघीस बंद करण्याचे वचन त्यांनीच दिले. पुढच्या पूजेला पदकांऐवजी त्यांची छायाचित्रे मांडायची असे त्यांनी स्वतः सुचवले.

यादीत एकूण सत्तेचाळीस नोंदी आहेत. पदकांना आठ, बटणांना अकरा, बाकी कागद आणि कपडे. नवव्या पदकाला नोंद क्रमांक दिलेला नाही. त्या ओळीवर बापूंचे नाव पेन्सिलीने लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे, आणि रेकॉर्ड ऑफिसचे पत्र आल्यावर ती ओळ शाईने लिहायची किंवा खोडायची आहे.